शून्यावर थांबलेलं फंक्शन पुन्हा बोलायला कसं लागतं?

खतावणी · शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, मी कॉमर्सवाला माणूस. वीस वर्षं हिशेब लिहितोय. आता पायथन शिकायला घेतलंय. कारण साधं आहे: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं रान माजलंय. डिस्क का भरत चाललीय ते कुणाला कळत नाही, आणि साहेबांना जुनं बिल हवं झालं की माझा अर्धा दिवस त्यात जातो. मुलगी म्हणाली, "बाबा, याला रिकर्शन लागेल, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं," आणि होस्टेलला निघून गेली.

व्हिडिओ बघितले. सगळीकडे तेच ते फॅक्टोरिअल. पाठ झालं, कळलं काही नाही. म्हणून स्वतःच एक बारकं फंक्शन लिहिलं. (मोबाइलवरून टाइप करतोय, कोड मराठीतच लिहितो, चालवून घ्या.)

फंक्शन मोज(न):
– जर न == ० तर परत फिर
– मोज(न − १)
– छाप न

आणि खाली मोज(३).

माझा हिशेब असा. ३ आला, शून्य नाही, म्हणून पुन्हा वर, न झाला २. पुन्हा वर, १. पुन्हा वर, ०. शून्य झाला, परत फिर, फंक्शन संपलं. छापायच्या ओळीला कुणी शिवलंच नाही. म्हणजे स्क्रीन कोरी राहायला हवी.

प्रत्यक्षात छापून आलं १, २, ३. तेही चढत्या क्रमाने! न तर उतरत उतरत शून्यावर गेला होता. मग हा २ आणि ३ आले कुठून? पुसलेली नोंद वहीत आपोआप पुन्हा उमटावी, तसं वाटलं.

---

टवाळ · शनिवार, रात्री १०:५८

रिकर्शन समजून घ्यायचं असेल तर हा धागा पहिल्यापासून वाचा.

---

रात्रपाळी · शनिवार, रात्री ११:०३

हा विनोद आठव्या मिनिटाला आला. मी पाच धरले होते.

खतावणी, एक सल्ला: आत उतरून बघायच्या नादाला लागू नका. मोज(२) हे १, २ छापतं असं धरून चाला. मग मोज(३) काय करतं? आधी मोज(२) कडून १, २ छापून घेतं, मग स्वतःचा ३ छापतं. झालं. कॉलेजच्या गणितातलं इंडक्शन आठवा: पहिली पायरी खरी, आणि एका पायरीवरून पुढची खरी ठरते, बास. बारा वर्षं मी असाच कोड लिहितोय.

---

खतावणी · शनिवार, रात्री ११:१०

धरून कसं चालू? जे धरायचं तेच तर कळत नाहीये. ऑडिटरसमोर बसून "एवढी शिल्लक आहे असं धरून चाला" म्हटलं तर तो मला धरून चालायला लावेल.

---

माजघर · शनिवार, रात्री ११:३१

मी टेस्टिंगमध्ये आहे, फार कोड लिहीत नाही. पण हे मला स्वयंपाकघरात कळलं होतं, तसंच सांगते.

मोदक करायला घेतले. लक्षात आलं, सारण नाही. म्हणून पिठीचा डबा उघडा तसाच ठेवून सारणाकडे वळले. सारणाला खवलेलं खोबरं नाही. गूळ चिरलेला तसाच, विळीकडे. विळीवर बसले तर नारळच फोडलेला नाही. उठले, नारळ फोडला. आता "नारळ फोडणे" हे काम संपलं. म्हणून मोदक संपले का? नाही ना. नारळ फोडून मी परत *विळीवर* जाणार, कारण मला तिथून बोलावणं आलं होतं. खवून झालं की सारणाकडे. सारण झालं की पिठीच्या उघड्या डब्याकडे. प्रत्येक काम जिथे अर्धं टाकलं होतं, तिथूनच पुढे.

तुमचं "परत फिर" म्हणजे नारळ फुटला. एवढंच.

---

टवाळ · शनिवार, रात्री ११:३६

ताई, तांत्रिक हरकत. हे रिकर्शन नव्हे. मोदक करता करता मध्येच मोदक करायला घेतले, तर रिकर्शन.

---

खडूफळा · रविवार, सकाळी ७:१५

टवाळ गंमत करता करता नेमक्या जागी बोट ठेवून गेला. ताईंचं उदाहरण रिकर्शनचं नाही, एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावण्याचं आहे. आणि मशीनला या दोन्हींत काहीही फरक दिसत नाही. पोरं अडकतात ती इथे. पंचवीस वर्षं शिकवतोय, दर बॅचला हेच.

खतावणी, रिकर्शन क्षणभर विसरा. मी चार वेगवेगळी फंक्शनं लिहितो:

मोज३: मोज२ ला बोलाव, मग छाप ३
मोज२: मोज१ ला बोलाव, मग छाप २
मोज१: मोज० ला बोलाव, मग छाप १
मोज०: परत फिर

यात काही गूढ वाटतं का? मोज० परत फिरलं की कुठे जाईल? ज्याने बोलावलं त्याच्याकडे, म्हणजे मोज१ कडे. त्याची छापायची ओळ अजून बाकी आहे. त्याने १ छापला, त्याचं काम संपलं, तो मोज२ कडे परतला. २. मग ३.

तुमचा कोड आणि हा कोड एकच. तुम्ही फक्त चौघांना एकच नाव दिलंय.

तुमचा घोळ "पुन्हा वर" या दोन शब्दांत आहे. वर कुणी जात नाही. मोज(२) म्हणजे त्याच माणसाने पहिल्या ओळीवर उडी मारणं नव्हे. नवा माणूस येतो, तेच सूचनांचं पान हातात घेऊन, पण स्वतःचा कोरा कागद घेऊन. जुना माणूस आपल्या कागदावर ३ लिहून, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तिथेच उभा असतो. "पुन्हा वर" जातो तो लूप.

---

खतावणी · रविवार, सकाळी ९:४०

थांबा. म्हणजे न एक नाही, चार आहेत?

---

खडूफळा · रविवार, सकाळी ९:४४

चार. ३, २, १, ०. एकाच वेळी चौघे जिवंत. कुणी कुणाचा न खोडत नाही.

---

माजघर · रविवार, सकाळी ९:५२

आजोळी माजघरात मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यात मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. खालच्यातलं काही हवं तर वरची एकेक उतरवायची, मधलं मडकं ओढून काढता येत नाही. इंग्रजीत ज्याला कॉल स्टॅक (बोलावण्यांची चळत) म्हणतात तो मला कायम तसाच दिसतो. मोज(३) तळाशी, वर मोज(२), मोज(१), टोकाला मोज(०). टोकाचं उतरलं तरच खालच्याचं तोंड उघडणार. म्हणून तुमचा ३ सगळ्यात शेवटी छापला गेला.

प्रत्येक मडक्यात दोन गोष्टी असतात: त्या कॉलचे स्वतःचे व्हेरिएबल, आणि "काम झालं की कुठे परतायचं" तो पत्ता.

---

खतावणी · रविवार, सकाळी १०:३०

छापायची ओळ बोलावण्याच्या आधी घेऊन बघितली. ३, २, १ आलं! म्हणजे ओळ बोलावण्याच्या आधी असेल तर उतरंड रचताना छापतं, नंतर असेल तर उतरवताना. मग आगाऊपणा करून दोन्हीकडे टाकली: ३, २, १, १, २, ३. हे छापून यायच्या आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. बरोबर आलं.

खडूफळा सर, दक्षिणा कुठे पाठवू?

---

रात्रपाळी · रविवार, सकाळी ११:१२

छान. पण मी म्हटलं होतं त्यालाच चिकटून आहे. हे कागदकाम ३ ला ठीक आहे. फोल्डरांच्या झाडात उतरून असं बघायला गेलात तर संध्याकाळ होईल.

---

खडूफळा · रविवार, सकाळी ११:२०

कागदावर एकदाही न उतरलेल्याचा विश्वास म्हणजे अंधश्रद्धा. आधी ३ साठी उतरा, मग खुशाल विश्वास ठेवा.

---

पंचकार्ड · रविवार, दुपारी १:०५

निवृत्त मनुष्य, जेवण झालंय, त्यामुळे थोडं लांबेल.

प्रत्येक कॉलला कोरा कागद मिळतो हे तुम्ही गृहीत धरताय. आमच्या काळी मिळत नव्हता. मी फोरट्रान ७७ मध्ये कामं केली. त्या भाषेच्या नियमांतच होतं की सबरूटीनने (म्हणजे तुमच्या फंक्शनसारखाच कोडचा तुकडा) स्वतःला बोलवायचं नाही. सरळ किंवा आडवळणानेही नाही. त्यामागे कारण होतं. प्रत्येक सबरूटीनला मेमरीत एकच ठरलेली जागा देऊन भागवता येत असे, व्हेरिएबलही तिथेच. पीडीपी-८ नावाचं १९६५ चं मशीन होतं. त्यात सबरूटीनला बोलावलं की परतीचा पत्ता त्या सबरूटीनच्याच पहिल्या खान्यात लिहिला जाई. खाना एकच! आता अशा रूटीनने स्वतःला बोलावलं तर काय होईल? नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाईल, आणि मूळ ज्याने बोलावलं त्याच्याकडे जायची वाट कायमची पुसली जाईल.

म्हणजे खतावणी, काल तुम्हाला जे वाटत होतं, की एकच न आहे आणि तो पुसला गेला, ते बावळटपणाचं मुळीच नव्हतं. तसं चालणारी यंत्रं खरोखर होती.

ही उतरंड काही मशीनबरोबर आपसूक आलेली नाही. जॉन मॅकार्थी यांची लिस्प ही भाषा १९५८ पासूनची, तिचा तर कणाच रिकर्शन. अल्गोल ६० या भाषेत फंक्शनला स्वतःला बोलवायची मुभा होती, आणि कम्पायलर (कोडचं मशीनच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांपुढे ते चालवायचं कसं हा प्रश्न पडला. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्येच स्टॅक वापरून ते कसं करायचं ते मांडलं. टोनी होर यांना क्विकसॉर्टची (यादी क्रमाने लावायच्या एका रीतीची) कल्पना आधीच सुचली होती, पण नेटकी लिहिता आली ती अल्गोल ६० हातात आल्यावर. फोरट्रानने मात्र सावकाशीने घेतलं. अधिकृत परवानगी आली फोरट्रान ९० मध्ये, तीही फंक्शनवर "हे रिकर्सिव्ह आहे" अशी पाटी लावली तर. पाटीशिवाय चालेल हे ठरायला २०१८ चं स्टँडर्ड यावं लागलं.

---

धाधिंधिंधा · रविवार, दुपारी २:२६

अवांतर: रिकर्शनला कुणी कुणी "आवर्तन" म्हणतात ते मला खटकतं. तबल्यात आवर्तन म्हणजे समेवरून निघून समेवर येणं. सोळा मात्रा झाल्या, पुन्हा पहिली. हा खडूफळा सर म्हणतात तो लूप झाला. रिकर्शनच्या जवळ जाते ती चक्रदार. तिहाई म्हणजे एक तुकडा तीनदा. चक्रदारात तिहाईसकट अख्खा तुकडा तीनदा. तिहाईत एकेकच धा असला तर तीन धा, त्याच्या चक्रदारात नऊ. वाजवताना "आतली कितवी, बाहेरची कितवी" हे दोन वेगळे आकडे डोक्यात ठेवावे लागतात. दोन मडकी! आतल्या तिसऱ्या धाला समेवर आलो समजून थांबलो की फजिती ठरलेली. स्वानुभव.

---

टवाळ · रविवार, दुपारी २:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

खतावणी · सोमवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. मोज जमलं म्हणून ज्यासाठी हे सगळं केलं ते लिहायला घेतलं.

फंक्शन शोध(फोल्डर, नाव):
– फोल्डरातल्या प्रत्येक वस्तूसाठी:
– – वस्तू फोल्डर असेल तर: शोध(वस्तू, नाव)
– – नाहीतर, वस्तूचं नाव जुळलं तर: परत दे वस्तू
– परत दे नन (पायथनचं None, म्हणजे "काहीच नाही")

फाइल दोन फोल्डर आत आहे, मी डोळ्यांनी बघतोय. उत्तर येतं नन. आतमध्ये छापून बघितलं, फाइल सापडल्याचं छापलं जातं! सापडते आणि मग हरवते.

---

माजघर · सोमवार, रात्री ९:२८

नारळ फोडला कुणी, दिला कुणाला? आतल्या शोधने फाइल *त्याला बोलावणाऱ्या* शोधच्या हातात ठेवली. तुमच्या मुख्य प्रोग्रॅमच्या नाही. त्या मधल्याने ती घेतली नाही, पुढे दिली नाही, आपलं आपलं पुढच्या वस्तूकडे गेला. आणि शेवटी खाली नन देऊन मोकळा झाला.

---

खतावणी · सोमवार, रात्री ९:५०

कळलं. म्हणून "परत दे शोध(वस्तू, नाव)" केलं. घरच्या लॅपटॉपवर एकच फोल्डर बनवून बघितलं, चाललं. उद्या ऑफिसात लावतो.

---

रात्रपाळी · सोमवार, रात्री ९:५२

लावू नका. लॅपटॉपवर दुसरं फोल्डर बनवा आणि फाइल त्यात ठेवा.

---

खतावणी · सोमवार, रात्री १०:०५

नन. 🙁

---

रात्रपाळी · सोमवार, रात्री १०:११

कारण "परत दे" म्हणजे काहीही मिळो वा न मिळो, मी चाललो. पहिल्या फोल्डरात शोधून रिकाम्या हाताने आलात, तेच रिकामे हात वर दिलेत, आणि दुसऱ्या फोल्डरात डोकावलातच नाही. असं करा:

– – – सापडलं = शोध(वस्तू, नाव)
– – – सापडलं असेल तरच: परत दे सापडलं

आणि आता बघा, हे लिहिताना मी आत उतरलो नाही. "शोध लहान फोल्डरात बरोबर चालतं" एवढं धरलं, आणि त्याच्या उत्तराचं मी काय करायचं एवढाच विचार केला. माझा विश्वास तो हाच.

---

खडूफळा · सोमवार, रात्री १०:२०

ठीक. पण कालच्या चार मोजांशिवाय "उत्तर कुणाच्या हातात येतं" हे त्यांना कळलं असतं का?

---

पगारपत्रक · मंगळवार, दुपारी १२:४०

उशिरा आलो. आमच्या टीममध्ये नियमच आहे: रिकर्शन वापरायचं नाही. हळू चालतं आणि स्टॅक उडतो. लूप लिहा.

---

गालगागा · मंगळवार, दुपारी ३:१८

"हळू चालतं" आणि "स्टॅक उडतो" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची मोट बांधू नका. उदाहरण माझ्या आवडीचं देतो.

मात्रावृत्तात लघू एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच. नियम कसा काढायचा? शेवटच्या अक्षराकडे बघा. ते लघू असेल तर त्याच्या आधी न − १ मात्रा हव्यात, गुरू असेल तर न − २. म्हणजे:

मात्रा(न) = मात्रा(न − १) + मात्रा(न − २), आणि मात्रा(०) = मात्रा(१) = १.

१, २, ३, ५, ८, १३... जगात फिबोनाचीच्या नावाने चालणारी हीच माळ. त्याचा ग्रंथ १२०२ चा. हेमचंद्राने हा नियम ११५० च्या सुमारास छंदांसाठीच दिला होता, आणि विरहांक त्याच्याही कित्येक शतकं आधीचा.

आता हे जसंच्या तसं फंक्शन म्हणून लिहा आणि मात्रा(४०) विचारा. उत्तर १६,५५,८०,१४१. त्यासाठी फंक्शन किती वेळा बोलावलं जाईल? उत्तराची दुप्पट वजा एक: ३३,११,६०,२८१ वेळा. कारण प्रत्येक कॉल शेवटी शून्य किंवा एकवर जाऊन एकेक गोळा करतो, आणि तेवढे एक जमवायला तेवढी टोकं लागतात. पायथनवर लावून चहा टाकून यावं.

पण उतरंड किती उंच होते? एका वेळी फक्त चाळीस मडकी. तेहतीस कोटी मडकी येऊन गेली, एकावर एक कधीच चाळिसाच्या वर नव्हती. हळू चाललं, पण स्टॅकला धक्का नाही.

उलट खतावणींचं मोज(५०००) चालवा. कॉल पाच हजार आणि एक, क्षणाचं काम, पण सगळे एकावर एक. पायथन ठेवलेल्या मर्यादेनुसार हजाराच्या आसपास चिडतं.

हळूपणावर औषध सोपं: आलेलं उत्तर वहीत टिपून ठेवा, पुन्हा विचारलं तर वहीतून द्या. मात्रा(४०) ला मग ७९ कॉल पुरतात, आणि त्यातलेही निम्मे नुसते वही बघून परततात.

---

पगारपत्रक · मंगळवार, दुपारी ४:०२

मुद्दा मान्य. पण पायथनची मर्यादा वाढवता येते ना?

---

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी ४:२५

येते, पण ती मुळात कुंपण म्हणून आहे. शून्याची अट विसरलात तर प्रोग्रॅम मेमरी खात सुटण्याआधी ओरडून सांगतं. सी मध्ये असं कुंपण नाही, लिनक्सवर साधारण ८ एमबीचा स्टॅक संपला की प्रोग्रॅम "सेगमेंटेशन फॉल्ट" म्हणून थेट आडवा. आणि शेवटची ओळ म्हणून स्वतःला बोलावलं तर जुनं मडकं आधीच उतरवायची सोय स्कीमसारख्या भाषांत आहे, पायथनमध्ये नाही. पायथनच्या जनकाने ती जाणूनबुजून नाकारली, कारण एरर आल्यावर कोण कुठून आलं ते दिसायला हवं.

फोल्डर हजार खोल कधीच नसतात. खतावणींनी निर्धास्त राहावं.

---

खतावणी · बुधवार, सायंकाळी ७:३०

ऑफिसात चाललं! साहेबांना २०२१-२२ मधलं एक बिल हवं होतं, दोन सेकंदांत सापडलं. मग हौस आली. पहिलं सापडलं की थांबण्याऐवजी सगळी ठिकाणं एका यादीत गोळा करणारं "सगळे" फंक्शन लिहिलं. यादी पॅरामीटरमध्ये ठेवली, दिली नाही तर रिकामी धरायची.

एकच बिल आठ ठिकाणी निघालं. खात्रीसाठी तिथेच पुन्हा चालवलं, तर सोळा! पाच मिनिटांत कुणी कॉपी केली असणं शक्य नाही, ऑफिसात मी एकटाच होतो.

---

रात्रपाळी · बुधवार, सायंकाळी ७:४१

सोळाचं सांगतो, आठचं तुम्ही बघा. "दिली नाही तर रिकामी यादी" ही यादी पायथन एकदाच बनवतं, फंक्शन लिहिलं जातं तेव्हा. प्रत्येक कॉलचे व्हेरिएबल स्वतःचे हे खरं, पण इथे सगळ्या मडक्यांत एकाच यादीकडे बोट दाखवणारी चिठ्ठी आहे. दुसऱ्यांदा चालवलंत तेव्हा पहिले आठ तिथेच बसले होते. डीफॉल्ट म्हणून नन ठेवा, आणि नन आलं तर आत नवी यादी बनवा.

---

खडूफळा · बुधवार, रात्री ८:१०

आठवर माझा एक प्रश्न. दर ३१ मार्चला बॅकअप कसा घेता?

---

खतावणी · बुधवार, रात्री ८:२२

मुख्य फोल्डर अख्खं उचलतो आणि त्याच्याच आत "बॅकअप २०२२", "बॅकअप २०२३", "बॅकअप २०२४" असं कॉपी करतो. म्हणजे सगळं एका जागी सापडतं.

---

खडूफळा · बुधवार, रात्री ८:२५

पहिल्या वर्षी बिलाच्या प्रती दोन. दुसऱ्या वर्षी "अख्खं" उचललंत त्यात पहिला बॅकअपही गेला, म्हणून चार. तिसऱ्या वर्षी आठ. अशा दहा वर्षांनी १,०२४.

---

खतावणी · बुधवार, रात्री ८:४०

डिस्क का भरते ते कळलं. वीस वर्षं हिशेब लिहितोय आणि हे मला दिसलं नाही.

यादी दुरुस्त केली, आता कितीही वेळा चालवलं तरी आठच येतात. त्यातल्या सात प्रती उद्या पुसायच्या आहेत. पुसण्यासाठीही फंक्शन लिहू का?

---

माजघर · बुधवार, रात्री ८:४१

हाताने पुसा, दादा. हाताने.